गावचा माणूस

"पुन्हा म्हण," सर म्हणाले.

मी पुन्हा म्हणालो. माय फादर इज अ लँडेड जंटलमन.

"तुझ्या तोंडात जंटलमन बसत नाही अजून. पुन्हा."

सेलूतल्या एका जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्याचा व्हरांडा. सकाळची वेळ. चौघं खुर्च्यांवर बसलेले आणि मी उभा. टेबलामागं सर. मी तेवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, आणि पहिलीतल्या पोरासारखा हात मागं बांधून एकच वाक्य घोकत होतो. बसलेले चौघं वहीत तोंड घालून हसत होते.

झालं असं होतं. मुलाखतीचा सराव चालू होता. सरांनी इंग्रजीत विचारलं, तुझे वडील काय करतात? मी इंग्रजीतच सांगितलं, मेंढरं राखतात. माझं व्याकरण चुकलं नव्हतं. तरी सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तू तिथं सांगणार आहेस? समोर कंपन्यांचे साहेब बसलेले असतील. त्यांना वास येईल रे."

शेठचा मुलगा मदन मोठ्यानं हसला. मग बाकीचे. सरांनी ते जंटलमनचं वाक्य, म्हणजे वडील जमीनदार गृहस्थ आहेत असं, फळ्यावर लिहिलं आणि मला म्हणायला लावलं. अकरा वेळा. मी मोजत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. बाराव्या वेळी ते म्हणाले, "आता बरं. बस."

मी बसलो. लाज वाटत होती. पण वाक्य खोटं होतं म्हणून नव्हे. ते मला नीट म्हणता येत नव्हतं म्हणून. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना माझी कीव करू नका.

आमचं गाव चारठाण्याच्या बाजूला. गाव म्हणजे धनगरांची वस्ती आणि भोवती काळं रान. बा मेंढरं राखायचा. वर्षातले सात-आठ महिने तो आणि माय मेंढरांमागं फिरायचे. आज याच्या शेतात मेंढरं बसवली, उद्या त्याच्या. शेताला खत मिळायचं आणि आम्हाला धान्य. मी आजीजवळ राहून शिकलो. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळा उर्दू. हिशोब मी उर्दूतच शिकलो. आजसुद्धा मनात गुणाकार करताना जरब म्हणतो, हातचा घेताना हासिल म्हणतो. निजामाचं राज्य गेलं. पुढं हैदराबादेला वसतिगृहात राहून, इतरांच्या पोरांना गणित शिकवून बी.ए. झालो. जिल्हा मुंबई राज्याकडं गेला, आणि मी जिंतूरला, तालुक्याच्या गावी, एका शाळेत मास्तर झालो.

शाळेत वर्तमानपत्र यायचं. त्यात एकदा जाहिरात आली. कलकत्त्याला पदवीधरांसाठी नवं शिक्षण सुरू झालं होतं. धंद्याचा कारभार कसा चालवायचा, त्याचं. दोन वर्षांचं. प्रवेशाची परीक्षा हैदराबादेत होणार होती. इंग्रजी उतारे, गणित, सामान्य ज्ञान, आणि शेवटी तोंडी मुलाखत. अर्जाबरोबर दोन प्रतिष्ठित गृहस्थांची शिफारसपत्रं जोडायची होती.

मी ती जाहिरात कापून खिशात ठेवली. सेलूच्या बाजारात मी लहानपणापासून बघत आलो होतो. एक जण गादीवर बसून बोलतो, दुसरा उन्हात उभा राहून ऐकतो. बा कायम ऐकणारा. मला बोलणाऱ्याची जागा पाहिजे होती. यात देशाची वगैरे सेवा काही नव्हती. साधी जागा पाहिजे होती.

शेठनी मदनसाठी पुण्याकडच्या एका निवृत्त प्रोफेसरांना सेलूला आणून ठेवलंय, असं कळलं. हेच आमचे सर. मदनबरोबर गावातल्या बड्या घरची आणखी तीन मुलं शिकत होती. मी सरांना पत्र लिहिलं. इंग्रजीत, तीनदा पक्कं करून. आठ दिवसांत उत्तर आलं. शनिवारी आणि रविवारी ये. शिकवणीचं काही द्यावं लागणार नाही. शिफारसपत्रं शेठ आणि त्यांचे वकील देतील.

ते पत्र मी बाला वाचून दाखवलं. बाला वाचता येत नव्हतं. त्यानं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मास्तर चांगला मानूस दिसतो."

सर वाईट शिकवत नव्हते. हे कबूल केलं पाहिजे. ते खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवत, आणि ठरवून दिलेल्या मिनिटांत आम्ही अख्खा इंग्रजी उतारा वाचून प्रश्न सोडवायचो. नेमका मुद्दा कुठं दडलाय ते शोधायला त्यांनीच मला शिकवलं. गणितात मी सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवायचो. एकदा मला ओठ हलवत हिशोब करताना सरांनी ऐकलं. "हे काय पुटपुटतोस? निजाम गेला, त्याची उजळणी गेली नाही वाटतं." सगळे हसले. पण उत्तर माझंच बरोबर होतं. सर म्हणाले, "मदन, तू याच्या शेजारी बसत जा." मला वाटलं, मान मिळाला. मी मदनला टक्केवारी शिकवली, प्रमाण शिकवलं, काळ-काम-वेग शिकवलं. त्याचा कागद आधी तपासायचो, मग माझा.

सरांना माझी मराठीही चालत नव्हती. आमी नव्हे, आम्ही. न्हाई नव्हे, नाही. लय नव्हे, खूप. मुलाखत इंग्रजीत असली तरी जीभ एकच असते म्हणाले. मी जीभ सोलून काढली. इतकी, की एकदा घरी गेलो आणि मायला म्हणालो, "मला आणखी भाकरी नको आहे." माय माझ्या मागं बघायला लागली. "कुनाशी बोलायलास रं?" तिनं विचारलं. तिला वाटलं, दारात कुणी पाहुणा आलाय.

त्या जंटलमनच्या सकाळनंतर दोन आठवड्यांनी बा आला.

त्याची मेंढरं तेव्हा सेलूपासून दोन कोसांवर एका शेतात बसली होती. मला ठाऊक नव्हतं. रविवार होता. पुन्हा मुलाखतीचाच सराव. मी खुर्चीवर बसून सरांच्या प्रश्नांना उत्तरं देत होतो. हातवारे करायचे नाहीत, डोळे खाली घालायचे नाहीत, हे सगळं जमायला लागलं होतं. तेवढ्यात सर थांबले आणि माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायला लागले.

बा पायरीखाली उभा होता. जोडा काढून बाजूला ठेवलेला. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घडी केलेलं नवं काळं घोंगडं. त्याच्या धोतराला काटे चिकटले होते. तो हसत होता. मला खुर्चीवर बसलेला बघून हसत होता.

"कोण आहे?" सरांनी विचारलं.

मदन वाकून बघत म्हणाला, "कुणी धनगर दिसतोय."

सर माझ्याकडं वळले. "तुझ्या ओळखीचा आहे का?"

मी म्हणालो, "आमच्या गावचे आहेत ते."

घरी मी बाला अरे-तुरे करायचो. आमच्यात तसंच. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला 'ते' म्हणालो. परक्या माणसाला म्हणतात तसं. शुद्ध. सरांनी शिकवलं होतं तसं.

आणि हे इंग्रजीत नव्हतं. बाला सगळं कळलं.

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं, विसरल्यासारखं. मग तो सरांकडं बघून म्हणाला, "व्हय साहेब. गावचाच मानूस हाय मी."

त्यानं खांद्यावरचं घोंगडं उतरवून वरच्या पायरीवर ठेवलं. म्हणाला, कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचं हाय, मऊ हाय, मास्तरसाहेबांसाठी आणलंय. आमच्या गावच्या पोराला शिकवायलेत म्हणून. मग जोडा हातात घेतला आणि फाटकाबाहेर जाऊन पायात घातला. मागं वळून बघितलं नाही.

सर म्हणाले, "हं. आपण कुठं होतो?"

मी सांगितलं, कुठं होतो ते. पुढचं उत्तर दिलं. नीट दिलं.

दुपारी सुटल्यावर मी चालत त्या शेतावर गेलो. बा मेंढरांत होता. एका कोकराच्या पायात काटा मोडला होता, तो काढत होता. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. पण आधी बाच बोलला. माय बाभळीखाली चूल पेटवायली हाय, जेवून जा म्हणाला. मी म्हणालो, "बा, मघाशी..."

"तुझं काम झालं पायजे," तो म्हणाला. "मी चुकलो. सांगून यायला पायजे व्हतं."

तो असं म्हणाला. मी चुकलो म्हणाला. त्यानं शिवी दिली असती, हातातली काठी घातली असती, तर मी आज हे सांगत बसलो नसतो. त्यानं काटा काढला, कोकराला खाली सोडलं आणि हात धोतराला पुसले. मायला त्यानं काही सांगितलं नव्हतं. ती मला वाढताना विचारत होती, मास्तरला घोंगडं आवडलं का? बा म्हणाला, "लय आवडलं."

पुढच्या शनिवारी मी बंगल्यावर गेलो. जिनिंगचा हंगाम होता. आवारभर माती आणि उडालेला कापूस. पाय भरायचे. व्हरांड्याच्या दारात ते घोंगडं अंथरलं होतं. दुमडून. पायपुसणं म्हणून.

माझ्या पुढं दोघं होते. त्यांनी पाय घासले आणि आत गेले. मी दारात आलो आणि लांब ढांग टाकून ते ओलांडलं.

"अरे, पाय पूस की," मदन आतून म्हणाला. तो माझा बा होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो साधंच बोलला. "माती आणायलास आत."

मी मागं सरकलो. आणि पाय पुसले.

डावा पुसला. उजवा पुसला. लोकर खरंच मऊ होती.

त्यानंतर सहा शनिवार आणि सहा रविवार मी तिथं पाय पुसले. कुणी विचारलं तर काय सांगू, का पुसले? शिफारसपत्रं पाहिजे होती. परीक्षा पास व्हायची होती. मी मनाला समजवायचो, एकदा मोठा झालो की बाला गादीवर बसवीन. आधी पाय पुसून घेऊ. माणूस स्वतःला काय-काय समजावतो, त्याला शेवट नाही. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, धमकी दिली नव्हती. मी शहाण्या पोरासारखा आपणहून पुसत होतो.

शेवटच्या रविवारी मोठा सराव होता. अर्ज पाठवायची मुदत आठ दिवसांवर आली होती. सरांसोबत शेठ आणि वकील परीक्षक म्हणून बसणार होते. सराव झाला की ते सगळ्यांना शिफारसपत्रं देणार होते. टेबलावर पाकिटं मांडलेली होती. माझ्या नावाची दोन पाकिटं मला बसल्या जागेवरून दिसत होती.

मदन आधी झाला. मग ते तिघं. मग मी.

प्रश्न ठरलेले होते. कापसाचा धंदा, देशाची नवी योजना, कलकत्ताच का. मी उत्तरं दिली. वकील मान हलवत होते. शेठ हलक्या आवाजात सरांना काही चांगलं बोलले. मग सर थोडे हसून म्हणाले, आता तो प्रश्न. आणि इंग्रजीत विचारलं, तुझे वडील काय करतात?

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. मी तोंड उघडलं आणि मला बा दिसला नाही, घोंगडं दिसलं नाही. मला मी दिसलो. वीस वर्षांनंतरचा. चांगल्या कोटातला. कुणीतरी विचारतंय आणि मी म्हणतोय. त्यानंतर आणखी कुणीतरी विचारतंय. प्रत्येक वेळी मला त्याला पुन्हा पायरीखाली उभं करावं लागणार होतं. एकदा करून ते संपणार नव्हतं.

मी इंग्रजीत म्हणालो, माझे वडील मेंढरं राखतात.

सर म्हणाले, "चुकलास. पुन्हा."

"पुन्हा न्हाई," मी म्हणालो. मराठीत. आमच्या मराठीत. "माझा बाप मेंढरं राखतो. तो इथं आलता. या पायरीखाली उभा होता. तुमी विचारलं कोन हाय, आन मी त्याला वळख दिली न्हाई. तो माझा बाप होता, सर."

वकील पाकिटांकडं बघत होते. मदनचं तोंड उतरलं होतं, हे मी बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता.

शेठ सरांना म्हणाले, शांतपणे, मी तिथं नसल्यासारखं, "आपल्याला गणितापुरता पाहिजे होता तो. ते तर झालं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, माझ्या त्या तीनदा पक्क्या केलेल्या पत्राला उत्तर का आलं होतं.

सरांनी माझी दोन्ही पाकिटं उचलून टेबलाच्या खणात टाकली. म्हणाले, "बुद्धी होती तुला. कुठं काय बोलावं, एवढं मात्र कुणी शिकवलं नाही." त्यांना खरंच वाईट वाटत असावं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी माझं भलंच केलं होतं.

मी उठलो. दारातलं ते घोंगडं उचललं, तिथंच पायरीवर झटकलं. खूप माती निघाली. कुणी अडवलं नाही. ते काखेत मारून मी फाटकाबाहेर पडलो आणि मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन बसलो. छाती वगैरे फुगली नव्हती. जिंतूरची मोटार येईपर्यंत मी रडलो, लोकांच्या देखत.

शिफारसपत्रांशिवाय अर्ज पाठवला. तो परत आला. अपूर्ण असा शेरा मारून. हैदराबादेला मी गेलोच नाही. मदन गेला, आणि निवडला गेला. गणितात त्याला चांगले गुण पडले, असं ऐकलं. तो कलकत्त्याला शिकला.

घोंगडं घेऊन बाजवळ गेलो. त्यानं हातात घेऊन बघितलं. नव्या लोकरीची लव पार गेली होती, मध्ये पाय घासून चट्टा पडला होता. त्यानं एका नजरेत ओळखलं असणार, हे कुठं पडलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. पाय पुसले, तेही सांगितलं. पाकिटं गेली, तेही सांगितलं. त्यानं घोंगड्याची घडी घातली. मग म्हणाला, "कशाला बोललास? मी काय, ऐकून घेतलं व्हतं." आणि उठून मेंढरांकडं गेला.

त्याला आनंद झाला नाही. लोकांना वाटतं, बापाला अभिमान वाटला असेल. न्हाई. त्याच्या लेखी त्याची ती पायरीवरची गोष्टही वाया गेली. त्यानं माझ्यासाठी स्वतःला गावचा माणूस करून घेतलं होतं, आणि मी तेही फुकट घालवलं.

याला आता तीन वर्षं होत आली. बा आहे. मेंढरं आहेत. माझं लग्न झालं, तालुक्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. माय येऊन राहते. बा येत नाही. सणाला बोलावलं, पोरगं झालं तेव्हा बोलावलं. मेंढरं कोन बघंल, म्हणतो. एकदा मेंढरं घेऊन तालुक्याला लागूनच्या शिवारात आला होता. मी सायकल काढून गेलो. म्हणालो, घरी चल, नातू बघ. म्हणाला, "तू इकडं घिऊन ये त्याला. तुझ्या दारात चार मानसं येत असतील." रागानं नाही म्हणाला. माझी सोय बघून म्हणाला.

ती सोय मी त्याला शिकवली. ती आता त्याच्यातून निघत नाही. मी काहीही केलं तरी निघणार नाही. कुणी मला सांगू नका की काळ जाऊ दे, सगळं ठीक होईल.

माझ्या हातात जेवढं आहे तेवढं करायचं मी ठरवलंय. माझ्या माणसांना जिथं बाहेर उभं करतात, तिथं मी आत बसणार नाही. खुर्ची दिली तरी नाही, मान दिला तरी नाही.

परवा आमच्या शाळेत समारंभ आहे. मोठे पाहुणे यायचेत. मंडपात पाहुण्यांच्या, व्यापाऱ्यांच्या आणि मास्तरांच्या खुर्च्या. पोरांचे आई-बाप मंडपाच्या दोरीबाहेर उभे राहणार, दरवर्षी राहतात तसे. वडार, धनगर, महारवाड्यातले, रोजानं जाणारे. काल मी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, एक तर दोरी सोडा, न्हाई तर मी दोरीबाहेर उभा राहणार. ते म्हणाले, तुम्ही शिक्षक आहात, तुमची खुर्ची ठरलेली आहे. मी म्हणालो, ती काढून टाका. ते म्हणाले, मला हे तुमच्या नोकरीच्या पुस्तकात लिहावं लागेल, पुढं नडेल तुम्हाला.

मी म्हणालो, लिहा. माझं नाव पुरं लिहा. बापाच्या नावासकट.